संबोधीचं पहिलं धनुष्य

मुलीला एक धनुष्य पाहिजे होतं, बाब एवढीच होती. त्यापायी अख्ख्या गल्लीच्या गाद्या उसवल्या जातील, सरकारी रोपवाटिकेतला धडधाकट बांबू मोडायला तीन सरकारी नोकरांना त्यावर उड्या माराव्या लागतील आणि कोर्टातून सन्मानाने निवृत्त झालेल्या नाझरांना भर मैदानात डोक्यावर हात धरून पळावं लागेल, याची त्या सोमवारी संध्याकाळी कुणालाच कल्पना नव्हती. बुद्धभूषण वाव्हळेला तर मुळीच नव्हती. तो त्या वेळी चहात खारी बुडवत होता.

त्याच्यासमोर त्याची मुलगी संबोधी उभी होती, एक डोळा मिटून. आईच्या मोबाईलवर कुठल्याशा स्पर्धेत एका मुलीला बाण सोडताना पाहिल्यापासून संबोधी बराचसा वेळ एकाच डोळ्याने काढत असे. कपड्यांचा हँगर डाव्या हातात धरून तिने फ्रिज, कॅलेंडर, दूधवाला आणि खुद्द वडील या सर्वांना अनेकवार टिपलं होतं. वय सहा, इयत्ता पहिली, आणि वर्गात सगळ्यांत बुटकी. शाळेत लेझीम बसवलं तेव्हा तिच्या हातात लेझीम दिलं नव्हतं. ‘लय बारकी हायस, पुढच्या वर्षी,’ असं सांगून तिला कडेला एका स्टुलावर फूल म्हणून बसवलं होतं. फुलाला काही काम नव्हतं. ती पूर्ण कार्यक्रमभर तोंड फुगवून फूल झाली होती.

“पप्पा, शाळेत धनुष्यबाणाच्या मॅडम आल्त्या,” ती म्हणाली. “रविवारपासून मैदानावर शिकवणार हायत. बारक्या पोरांना बी. पण सगळ्यांना न्हाई घेणार, बाराच जणांना. मनल्या, ज्याच्याकडं धनुष्य हाय त्यानं आणा.”

हे वाक्य कुणीही ऐकलं असतं तर त्याचा अर्थ सरळ होता. असेल तर आणा, नसेल तर तसेच या. पण बुद्धभूषण हा एका सरकारी कार्यालयातला वरिष्ठ लिपिक. अर्जावर ‘असल्यास जोडावे’ असं लिहिलेलं असलं की ते जोडल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, हे त्याने इतक्या वर्षांत शेकडो लोकांना खिडकीतून समजावलं होतं. त्यामुळे ‘हाय त्यानं आणा’ याचा अर्थ त्याच्यापुरता एकच होता. धनुष्य नाही, तर प्रवेश नाही.

“धनुष्य असल्यावर मला घेतील ना?” संबोधीने विचारलं. आता दोन्ही डोळे उघडे होते.

“मग? घेतीलच की. धनुष्याला काय लागतंय? उद्या आणू.”

स्वयंपाकघरातून सुकेशनीने मान बाहेर काढली. ती झरीच्या शाळेवर शिक्षिका होती, आणि नवऱ्याच्या ‘त्याला काय लागतंय’चा तिला चांगला परिचय होता. ती पुन्हा आत गेली, पण ज्या तऱ्हेने गेली त्यात सगळं आलं.

मंगळवारी बुद्धभूषणने परभणीची बाजारपेठ पालथी घातली. पहिल्या क्रीडासाहित्याच्या दुकानात बॅटी होत्या, व्हॉलीबॉल होते, राजकीय पक्षांच्या टोप्या होत्या. धनुष्य म्हटल्यावर दुकानदाराने त्याच्याकडे जरा सहानुभूतीने पाहिलं आणि बुद्धिबळाचा पट पुढे केला. यात बी डोकं लागतं, असं तो म्हणाला. दुसऱ्या दुकानात सोनेरी कागद लावलेलं प्लास्टिकचं धनुष्य दसऱ्याच्या आठवड्यात होतं, आता संपलं होतं, आणि पुढच्या दसऱ्याला दोन बाजूला काढून ठेवतो असं वचन मात्र मिळालं. तिसऱ्याने गलोल दाखवली. चौथ्याने, ‘कुणाला मारायचंय?’ असं आधी विचारून घेतलं. ऑनलाइन पाहिलं तर धनुष्यं ढिगाने होती, पण परभणीचा पिनकोड टाकला की सगळी पुढच्या आठवड्यात जात होती. संध्याकाळी बुद्धभूषण घरी आला तेव्हा त्याच्या पिशवीत एक बुद्धिबळाचा पट आणि एक उडी मारायची दोरी होती. माणूस बाजारात गेला की रिकाम्या हाताने परत येणं बरं दिसत नाही.

संबोधीने पिशवीत डोकावलं आणि पुन्हा हँगर उचलला. हे त्याला जास्त लागलं.

शेजारच्या दगडाबाई ओट्यावर लसूण सोलत सगळं पाहत होत्या. साठी ओलांडलेल्या, मूळच्या शेतकरी घरातल्या, आणि गल्लीतल्या प्रत्येक घरात काय शिजतं आणि काय शिजत नाही याची त्यांना खात्रीलायक माहिती असे.

“भूषण, कमानच पाहिजे ना रं? मग पिंजाऱ्याकडं असती की. भिंतीला लटकत असंल.”

बुद्धभूषणला एकदम उजेड पडला. कापूस पिंजायचं पिंजण म्हणजे तरी काय, लाकडी दांडा आणि त्यावर ताणलेली तात. नमुना म्हणून एक धनुष्य घरात आलं, की ते पाहून दुसरं करता येतं. खात्यात असंच चालतं. जुनी नस्ती समोर ठेवली की नवी आपोआप तयार होते.

बुधवारी त्याने अर्धी रजा टाकली आणि गादीवाल्या गफूरचाचांचं दुकान गाठलं. दुकानात मशीन धडधडत होतं आणि चाचांच्या दाढीसकट सगळं पांढरं झालेलं होतं. मागच्या भिंतीवर त्यांच्या वडिलांचं पिंजण लटकत होतं. चाचांनी ते काढून दिलं. “ले जाव बाबू. मशीन आयी तबसे भिंतच सांभालती इसको. लेकिन वापस लाना.” आणि जाता जाता तातीवर ठोका मारायचा लाकडी ठोकळाही हातात ठेवला, कारण ठोकळ्याशिवाय पिंजण म्हणजे त्यांच्या दृष्टीने अर्धीच वस्तू होती.

पिंजण बुद्धभूषणपेक्षा लांब निघालं. ते स्कूटीवर आडवं बसत नव्हतं, उभं धरलं तर तारांना लागत होतं. शेवटी त्याने तात छातीवर आणि दांडा पाठीवर असं ते अंगात अडकवलं आणि निघाला. रस्त्यात ऑटोवाले वाट देत होते. बसस्टँडजवळ वाहतूक पोलिसाने हात दाखवला आणि हे काय आहे असं विचारलं. धनुष्य, असं बुद्धभूषणने सांगितलं. कुणाला? मुलीला. मुलगी केवढी? सहा वर्षांची. पोलिसाने एकदा पिंजणाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि जाण्याची खूण केली. या प्रकाराला त्याच्याकडे कलम नसावं.

घरी आल्यावर पहिला प्रयोग अर्थातच संबोधीवर झाला. तिला ते उचललंच नाही. पण तिने तात बोटाने छेडली, तेव्हा खोलीभर असा काही भरदार आवाज घुमला की ती आनंदाने किंचाळली आणि पुन्हा छेडली. तो आवाज गल्लीत गेला, आणि तिथून पुढे प्रकरण बुद्धभूषणच्या हातात राहिलं नाही.

कारण तो आवाज गल्लीने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. दगडाबाई पहिल्या आल्या, गादी घेऊनच. मशीनवर पिंजलेली गादी दोन महिन्यांत बसती, हातानं पिंजलेली त्यांच्या लग्नातली गादी अजून मऊ आहे, आणि आता कमान घरात आलीच आहे तर तेवढी एक करून दे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या मागून आणखी दोघी उशा घेऊन आल्या. बुद्धभूषणने सगळ्यांना नम्रपणे सांगितलं की हे धनुष्याचा नमुना म्हणून आणलेलं आहे आणि त्याला पिंजता येत नाही.

“त्याला काय लागतंय?” दगडाबाई म्हणाल्या.

हे त्याचंच वाक्य होतं.

तेवढ्यात समोरच्या घरातून तात्याराव आले. कोर्टातले निवृत्त नाझर. त्यांना येत नाही अशी गोष्ट जगात नव्हती. त्यांनी ती कधी केलेली नसायची, एवढंच. पिंजण आढ्याला दोरीने टांगायचं, डाव्या हाताने पेलायचं, उजव्या हातातल्या ठोकळ्याने तात ओढून सोडायची, म्हणजे ती थरथरते आणि कापसाचे गठ्ठे तिच्यावर आपटून मोकळे होतात, हे त्यांनी खुर्चीत बसून इतकं तपशीलवार सांगितलं, की आता न करणं म्हणजे तात्यारावांचा अपमान झाला असता. बुद्धभूषणने सुरुवात केली. पहिला ठोका त्याच्या गुडघ्यावर बसला. दुसरा हुकला. तिसऱ्याला तात गर्जली आणि दगडाबाईंच्या गादीचा कापूस थेट पंख्यापर्यंत उडाला. पंखा चालू होता.

सुकेशनी झरीहून आली तेव्हा तिच्या घराचा हॉल दिसत नव्हता. आत ढग होता. ढगातून तात वाजत होती, तात्याराव सूचना देत होते, आणि मधूनच तिची मुलगी पांढरीशुभ्र होऊन बाहेर यायची, खोकायची, हसायची आणि पुन्हा आत उडी मारायची.

“हे काय करायलात?” तिने विचारलं.

“धनुष्य,” ढगातून नवऱ्याचा आवाज आला.

सुकेशनीने पदर नाकाला लावला, पंखा बंद केला आणि शांतपणे विचारलं, “अन् पोरीला ओढता येईल असं कधी होणारे?” ढगातून नुसता ठोका पडला.

गुरुवारी ऑफिसात त्याच्या केसांतला कापूस पाहून साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बुद्धभूषण रजेचा खुलासा मनात तयार करत आत गेला. साहेबांच्या घरी दोन गाद्या होत्या, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

गफूरचाचांना पिंजण परत करताना त्याने त्यांना खरा प्रश्न विचारला. चाचा म्हणाले की लहान लेकराला बांबूची कामटी लागते, ओला बांबू. एवढं त्यांनी आधीच सांगितलं असतं, पण आधी त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आता बांबू. गावाबाहेरच्या सरकारी रोपवाटिकेत बांबूचं मोठं बेट होतं हे बुद्धभूषणला माहीत होतं. सरकारी माणसाला सरकारी माणूस नाही म्हणणार नाही, या भरवशावर तो शुक्रवारी तिथे गेला. तिथल्या अधिकाऱ्यांनी चहा पाजला, मुलीचं कौतुक केलं आणि बांबू देता येत नाही असं सांगितलं. बांबू लिलावात जातो, आणि लिलाव शंभर नगांच्या खाली होत नाही. बुद्धभूषणला शंभर धनुष्यं करायची नव्हती.

“एक मोकळा देता येत न्हाई का?”

“सरळ बांबू न्हाई देता येत. मोडका असला तर येतो. मोडक्याला लिलाव लागत न्हाई, तो निकामीत जातो.”

“मग मोडका हाय का एखादा?”

अधिकाऱ्यांनी खिडकीतून बेटाकडे पाहिलं. “सध्या तर न्हाई.”

दोघेही काही वेळ त्या उंच, हिरव्या, धडधाकट बांबूंकडे पाहत राहिले. मग अधिकाऱ्यांनी शिपायाला हाक मारली. प्रक्रियेतली ही सुबक पळवाट पाहून बुद्धभूषणला लिपिक म्हणून भरून आलं. शिपायाने एक बांबू तोडला, दोन दगडांवर आडवा ठेवला आणि त्यावर उडी मारली. बांबू वाकला आणि शिपायाला परत वर फेकून मोकळा झाला. ओल्या बांबूला मोडायचं नसतं. धनुष्याला तो चालतो तो याचसाठी. शिपायाने पुन्हा उडी मारली. मग अधिकारी आले, बुद्धभूषणही आला. तिघांनी एक, दोन, तीन म्हणून एकदम उडी मारली तेव्हा कुठे बांबू मधोमध फुटला, आणि तिघेही खाली बसले. अधिकाऱ्यांनी उठून पॅंट झटकली, फुटका भाग तपासला आणि हा बांबू निकामी झाला असल्याचं जाहीर केलं.

फुटका भाग छाटून उरलेला चांगला तुकडा संबोधीच्या उंचीपेक्षा थोडा जास्त होता. म्हणजे नेमका पाहिजे तेवढाच. बुद्धभूषण स्कूटीवरून शीळ घालत घरी आला. आठवड्यात पहिल्यांदाच एखादी गोष्ट बिघडून बरोबर झाली होती.

शनिवारी सकाळीच गल्लीच्या तोंडावर चंद्रभानच्या गॅरेजसमोर धनुष्याचं काम सुरू झालं. चंद्रभान मोटारसायकली दुरुस्त करत असे आणि त्याचा स्वभाव असा, की कुठलीही वस्तू हातात आली की ती आधीपेक्षा मजबूत करून द्यायची. त्याने कोयत्याने बांबू उभा चिरला, एक कामटी निवडली, काचेच्या तुकड्याने खरवडून गुळगुळीत केली. दोन्ही टोकांना खाचा केल्या. नायलॉनची दोरी बांधली. धनुष्य झालं. खरोखरच झालं. छान, हलकं, लवचिक, एका हातात मावणारं. संबोधी त्याच्याकडे बघत दोन्ही पायांवर नाचत होती.

“मला द्या ना.”

“थांब बाळा, आधी नीट होऊ दे,” बुद्धभूषण म्हणाला, आणि धनुष्य तपासायला तात्यारावांकडे दिलं, कारण ते वडीलधारे होते.

तात्यारावांनी खुर्चीतूनच दोरी ओढली. ती सहज कानापर्यंत आली. त्यांनी निराशेने मान हलवली. “यात दम न्हाई.”

चंद्रभानला हा शब्द लागला. त्याने स्वतः ओढून पाहिलं, आणि त्याचंही मत तेच पडलं. मग त्याने पाठीला दुसरी कामटी लावली आणि तांब्याच्या तारेने करकचून आवळली. आता पुन्हा तपासणी. गॅरेजवर चाक काढायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने ओढून पाहिलं आणि बरं आहे, पण जरा लेचंपेचं वाटतं असा शेरा मारला. तिसरी कामटी बसली. मग दोरीवर चर्चा झाली. नायलॉन ताणतं, असं कुणीतरी म्हणालं. चंद्रभान आत गेला आणि मोटारसायकलची नवी क्लच केबल घेऊन आला.

दुपारपर्यंत गॅरेजसमोर रांग लागली होती. जो येईल तो धनुष्य हातात घेई, छाती फुगवी, दात आवळून ओढी, आणि ‘आता कसं’ म्हणून पुढच्याला देई. ओढताना ज्याचे दात आवळले जात नव्हते त्याला समाधान वाटत नव्हतं, आणि त्याचं समाधान होईपर्यंत चंद्रभान काहीतरी आणखी घट्ट करत होता. खुद्द बुद्धभूषणने सर्वांत जास्त वेळा ओढलं. प्रत्येक वेळी तो ते जरा जास्त वेळ धरून ठेवी, एक डोळा मिटे आणि समोरच्या विजेच्या खांबावरचा दिवा न्याहाळी. दोरी सोडली की हवेत जो थरार उठे त्याने त्याच्या अंगावर काटा येई. आठवड्याचा शीण कुठे गेला ते त्याला कळत नव्हतं.

“पप्पा, मला द्या ना.”

“आता झालंच बघ.”

दगडाबाईंनी जळणातल्या सरळ बघून तुराट्या आणल्या, त्यांचे बाण झाले. टोकाला काहीही अणकुचीदार असणार नाही ही सुकेशनीची अट होती. तिने स्वतः प्रत्येक तुराटीच्या टोकाला खोडरबर खोचून चिकटपट्टीने बांधलं. काम संपल्यावर तिने धनुष्य हातात घेतलं, केबल थोडी ओढून पाहिली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

“एकदा पोरीच्या हातात तर द्या.”

“उद्याच देऊ की. मैदानावरच. तिला पण जरा मजा वाटंल.”

त्याने ते खरंच मनापासून म्हटलं होतं.

रविवारी सकाळी मैदानावर सगळी गल्ली हजर होती. तात्यारावांनी कोर्टातला काळा कोट घातला होता. चंद्रभानने सोबत पाना आणला होता, ऐन वेळी लागला तर. एका टोकाला गवताच्या गाठोड्यांची निशाणं उभी होती आणि समोर धनुष्यबाणाच्या राजेश्री मॅडम ट्रॅकसूट घालून, शिट्टी गळ्यात अडकवून उभ्या होत्या. वय पंचविशीचं, आवाज मात्र हेडमास्तरांचा. मुलं चाळीसच्या आसपास आली होती. कुणाकडे प्लास्टिकचं धनुष्य होतं, बऱ्याच जणांकडे काहीच नव्हतं, आणि तरीही मॅडम त्यांना रांगेत घेत होत्या. ‘असल्यास जोडावे’चा असा ढिला अर्थ लावणारी व्यक्ती बुद्धभूषणने आजवर पाहिली नव्हती. त्याला थोडं अस्वस्थ वाटलं. पण आपल्याकडे तर आहे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

संबोधीचं नाव पुकारलं गेलं. ती पुढे गेली. तांब्याच्या तारेने मढलेलं, तीन कामट्यांचं ते धनुष्य तिच्या हनुवटीपर्यंत येत होतं. मैदानातल्या सगळ्यांच्या माना वळल्या. असलं धनुष्य कुणीच आणलं नव्हतं. बुद्धभूषणची छाती भरून आली.

संबोधीने तुराटी लावली. एक डोळा मिटला. ओढलं.

केबल हलली नाही.

तिने पाय रोवले आणि पुन्हा ओढलं. तिचा चेहरा लाल झाला, कान लाल झाले, केबल होती तिथेच होती. मागे तात्याराव खाकरले आणि पोरीने सकाळी नाश्ता केला नसेल असं कुणाला तरी म्हणाले. चंद्रभान खिशातला पाना चाचपत होता, पण आता काही घट्ट करायचं उरलं नव्हतं. बुद्धभूषण एका जागी खिळला होता. आदल्या दिवशी हे धनुष्य गल्लीतल्या झाडून सगळ्या माणसांनी ओढलं होतं, रस्त्याने जाणाऱ्या दोघांनीसुद्धा. जिच्यासाठी ते केलं होतं ती सोडून. हा विचार त्याच्या डोक्यात आत्ता येत होता.

रांगेतला एक मुलगा हसला. “लय बारकी हाय,” तो म्हणाला.

संबोधीने त्याच्याकडे पाहिलं. मग वडिलांकडे पाहिलं. तिचा खालचा ओठ बाहेर आला, थरथरला, आणि पुन्हा आत गेला. ती खाली बसली. बुद्धभूषणला वाटलं, आता रडणार. तो पुढे निघालासुद्धा. पण ती रडायला बसली नव्हती. ती मातीत उताणी झाली, दोन्ही पायांचे तळवे धनुष्याच्या दांड्यावर मुठीच्या दोन बाजूंना टेकवले, तुराटी पायांच्या मधून लावली, केबल दोन्ही हातांनी धरली, आणि पाय ताठ केले.

केबल आली. तीन कामट्या करकरल्या. केबल हनुवटीपर्यंत आली.

“अगं थांब,” राजेश्री मॅडम म्हणाल्या, तोवर तिने सोडली होती.

बाण सरळ आभाळात गेला. तो इतका वर गेला की दिसेनासा झाला, आणि चाळीस मुलं, त्यांचे आईबाप आणि गल्लीतली सगळी प्रतिष्ठित माणसं माना वर करून उभी राहिली. मग एकाच वेळी सगळ्यांच्या लक्षात आलं, की जे वर गेलं आहे ते खाली येणार आहे, आणि कुठे ते माहीत नाही. मैदानात पळापळ झाली. तात्याराव काळ्या कोटाचे पंख पसरत, डोक्यावर हात धरून धावले. त्यांना इतक्या वेगाने जाताना कोर्टानेसुद्धा कधी पाहिलं नसेल. दगडाबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी फक्त पदर डोक्यावर घेतला. तुराटी पाण्याच्या टाकीच्या पत्र्यावर टपकन आपटली, खोडरबरावर उसळली आणि घरंगळत खाली आली.

मग मुलांनी असा काही गलका केला की रस्त्यावरचे लोक थांबले. संबोधी अजून मातीत उताणीच होती, हसत.

मॅडमनी तिला हाताला धरून उठवलं, पाठीवरची माती झटकली आणि तिला पहिल्या क्रमांकावर उभं केलं. “ही आली,” त्या म्हणाल्या. “बाकीचे अकरा बघू आता.” मग त्यांनी ते धनुष्य उचललं, केबलला बोट लावलं, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

“हे कुणी केलं?”

पळून गेलेली प्रतिष्ठित माणसं परत येत होती. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि शेवटी सगळे बुद्धभूषणकडे पाहू लागले. शनिवारभर जे सर्वांचं होतं ते आता एकट्या वाव्हळेचं झालं होतं.

“मी,” तो म्हणाला. “म्हणजे, मुलीसाठी.”

“हे मुलीचं न्हाई, सर. मोठ्या माणसाचं हाय. बारक्या पोरांना आमी धनुष्य देतच न्हाई, पहिला महिना सायकलच्या ट्यूबची पट्टी ओढायची असती. ओढा बघू तुमी.”

बुद्धभूषणला जमिनीत शिरावंसं वाटत होतं. पण धनुष्य हातात आलं आणि सवयीने त्याचा डावा हात पुढे गेला. त्याने तुराटी लावली. केबल ओढली. ती आली, सावकाश, कानापर्यंत. समोर लांबवर गवताचं निशाण होतं आणि त्याच्या मधोमध पिवळा ठिपका. मैदान, गल्ली, आठवडा, साहेबांच्या दोन गाद्या, सगळं विरत गेलं आणि तो ठिपका तेवढा राहिला. त्याने सोडलं. बाण निशाणाच्या अलीकडेच मातीत आपटला आणि खोडरबर दोन उड्या मारून थांबलं.

“पप्पा, माझं धनुष्य,” संबोधी म्हणाली.

“देतो ना,” बुद्धभूषण म्हणाला, आणि दुसरी तुराटी लावली.

तो दुसरीवर थांबला नाही, तिसरीवरही थांबला नाही. तुराट्या संपल्या तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की सुकेशनी तोंडावर हात ठेवून हसत आहे आणि मॅडम वहीत काहीतरी लिहीत आहेत.

“तुमचं पूर्ण नाव सांगा, सर. मोठ्यांची बॅच बी हाय. सकाळी सहाला.”

“माझं कशाला?” तो म्हणाला. आवाजात थोडी आशा होती, ती त्याने लपवायचा प्रयत्न केला. “मला काय, मी आपलं पोरीसाठी...”

“नाव सांगा ना,” सुकेशनी म्हणाली. “समद्या गल्लीला दिसायलंय, धनुष्य कुणाला पाहिजे होतं ते.”

नाव लिहिलं गेलं. धनुष्य मॅडमनी ठेवून घेतलं, नवशिक्याच्या हातात इतकं कडक देता येत नाही म्हणून. मोठ्यांच्या बॅचमध्ये नवशिका सध्या एकच होता, आणि एकासाठी वेगळी रांग लावणं मॅडमना शक्य नव्हतं.

त्यामुळे सोमवारी सकाळी, मैदानावर अजून दव असताना, बारा लहान मुलांच्या रांगेच्या शेवटी एक वरिष्ठ लिपिक उभा होता. सगळ्यांच्या हातात सायकलच्या ट्यूबची एकेक काळी पट्टी होती. डावा हात पुढे, उजवा हात हनुवटीला, शिट्टी होईपर्यंत सोडायचं नाही. कुंपणापाशी दूध आणायच्या निमित्ताने तात्याराव उभे होते आणि पट्टीत दम नाही असं दूधवाल्याला सांगत होते. बुद्धभूषणने तिकडे पाहिलं नाही. घाम त्याच्या डोळ्यांत जात होता, आणि त्याने एक डोळा घट्ट मिटला होता.

रांगेच्या सुरुवातीला संबोधीने पट्टी ताणून धरलेली होती. तिने मान वळवून वडिलांकडे नीट, तपासून पाहिलं.

“पप्पा,” ती म्हणाली, “कोपर वर.”

त्याने कोपर वर घेतला.